चौदा नंबरचं टोकन

मास्तरांनी नाक पुसलं आणि त्याच फडक्याने तिचा माप घ्यायचा मायक्रोमीटर पुसून तिच्या हातात दिला.

"जपून गं पोरी," ते म्हणाले.

शी! तिने तो दोन बोटांत धरला आणि स्वतःच्या रुमालाने पुन्हा पुसला. तीन वर्षं ती हेच बघत आली होती. त्या एका फडक्याने मास्तर मशीन पुसायचे, मानेचा घाम पुसायचे आणि खाकरून झालं की तोंडही पुसायचे. कारखान्यातली शिकाऊ मुलं पाठीमागे त्यांना 'फडकं मास्तर' म्हणायची.

आज कौशल्य स्पर्धा होती. दिलेल्या चित्राबरहुकूम लेथच्या मशीनवर पोलादाचा तुकडा कापून एक जॉब बनवायचा, चार तासांत. पहिला येईल त्याला टूलरूममध्ये कायमची नोकरी. तिचं शिकण्याचं हे शेवटचं वर्ष होतं, आणि दादाने सांगूनच ठेवलं होतं. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मामाच्या गिरणीत पीठ तोलायला बस.

तिला मागे टाकील असा एकच होता, शेजारच्या मशीनवरचा मास्तरांचा मुलगा. त्याला सगळे बाळराजे म्हणायचे. त्याचं अजून अख्खं वर्ष बाकी होतं, तरी तो यंदाच स्पर्धेत उतरला होता. आणि जॉब गोळा करायचं काम कोणाकडे, तर त्याच्याच बापाकडे! कुंपणच शेत खाणार, दुसरं काय.

ती झपाट्याने कापत गेली. निळसर कीस वाफाळत पायाशी पडत होता. शेवटचा हात फिरवला, मशीन थांबवलं आणि तिथल्या तिथे मोजलं. माप अगदी बरोबर! अजून वीस मिनिटं शिल्लक होती. बाळराजे मात्र कापलेला जॉब समोर ठेवून हाताची घडी घालून बसला होता, लग्नाला आल्यासारखा. बापाच्या जिवावर निवांत आहे लेकाचा, तिला वाटलं.

जॉबला ग्रीस लावायचं, जाड कागदात गुंडाळायचा आणि तारेने वर आपल्या नंबरचं पितळी टोकन बांधायचं, असा नियम होता. परीक्षकांना नाव कळू नये म्हणून. तिचं टोकन चौदा, बाळराजेचं पंधरा.

मास्तरांनी तिची पुडी घेतली आणि थबकले. ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"झालं? नक्की?"

"झालं."

"वेळ आहे गं अजून."

"मला नकोय."

ते आणखी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात परीक्षक जवळ आले, तसे नाक पुसत पुढे गेले. जळतोय म्हातारा, ती मनात म्हणाली.

पुड्या मोजमापाच्या खोलीत दोन तास ठेवायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती बाटली भरायला तिकडून गेली, तर काचेतून मास्तर दिसले. आत एकटेच. त्यांनी मागेपुढे बघितलं, चौदाची तार सोडवली, पंधराची सोडवली आणि टोकनं अदलाबदल करून पुन्हा बांधली. मग कपाळ पुसलं.

इतका नीच माणूस! ज्याने हातात पहिलं हत्यार दिलं, त्यानेच पाठीत वार करावा? तिची तीन वर्षांची मेहनत उचलून पोराच्या ताटात वाढली, आणि वर तोंड करून पोरी म्हणतो!

मास्तर जेवायला गेले. खोलीला नुसती कडी होती. ती आत शिरली आणि तिने टोकनं पुन्हा बदलली. चौदा आपल्या जागी, पंधरा आपल्या जागी. मग नळावर जाऊन तिने साबणाने दोनदा हात धुतले, तरी तिला ते चिकटच वाटत राहिले.

तीन वाजता मोठे साहेब यादी घेऊन आले.

"पंधरा नंबर. पहिला. चौदा नंबर बाद. व्यास कमी भरलाय."

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"खोटं आहे, साहेब! मास्तरांनी टोकनं बदलली. मी डोळ्यांनी बघितलं. मी ती परत जागेवर लावली, तर यांनी पुन्हा फिरवली. थुंकायची लाज नाही, चोरायची कुठून असणार!"

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. "खरं आहे हे?"

"बदलली, साहेब," मास्तर म्हणाले. "एकदाच."

"उद्यापासून कामावर यायचं नाही."

मास्तरांनी मान हलवली. तिला वाटलं, बरं झालं. असल्यांना हेच पाहिजे.

साहेबांनी दोन्ही जॉब टेबलावर ठेवले. "यातला तुझा कुठला? दाखव."

जॉबच्या कडा ती कानशीने तिरप्या मारायची, तिची सवयच तशी. आपला जॉब तिने हजारांतून ओळखला असता. आताही एका नजरेत ओळखला. त्याच्याजवळ ठेवलेलं टोकन चौदाचंच होतं.

"हा... हाच माझा," ती पुटपुटली.

"मग मास्तरांनी चोरलं काय?" साहेब ओरडले.

बाळराजे पुढे आला. त्याचे डोळे भरले होते.

"ताई, तुम्ही जॉब तापलेला असतानाच मोजलात. निवल्यावर तो आकसून कमी भरणार, हे बाबांना पुडी हाताला गरम लागल्याबरोबर कळलं, जेवताना सांगितलं त्यांनी मला. म्हणून त्यांनी माझा तुम्हाला दिला होता."