मंडळीचा माणूस

हाडांच्या सापळ्याला पायघोळ झगा घालून झाला. डोक्याला काळा रुमाल बांधला, तेव्हा कुठे याकोब वॉल यांनी मान हलवली.

"आता बरं दिसतंय. मघाशी फारच उघडं होतं."

स्टॅडनिक बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. कॅनडातल्या अल्बर्टात, बीटाच्या शेतांमधल्या एका सरकारी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शाळेत मेनोनाइट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या पोरांसाठी त्यांच्या धर्माला रुचतील असे वेगळे वर्ग होते. चौतीस पोरं. ती गेली तर शाळेला कुलूप, असं शाळा बोर्डानं सांगूनच टाकलं होतं.

वॉलबाबा सप्टेंबरात पहिल्यांदा आले, काळी टोपी, काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. पियानोसमोर उभे राहून म्हणाले, "हे आमच्यात चालत नाही."

"तुम्हाला चर्चच्या मंडळीनं पाठवलंय का?"

"मंडळीमुळेच आलोय, बाई."

"मग तिथे तुमचा शब्द..."

"माझं नुसतं नाव निघालं, की सगळे गप्प होतात."

बाई हबकल्या. पियानो त्याच दिवशी कोठीत गेला. पुढच्या गुरुवारी कॉम्प्युटर गेले. मग टीव्ही, बास्केटबॉलच्या जाळ्या, भिंतीवरचा डायनासोर. एकदा कोठीचं दार आपोआप उघडलं आणि डायनासोर डग शिपायाच्या अंगावर पडला.

"बाई, आता मलाच तेवढं आत ठेवायचं राहिलंय," डग म्हणाला.

"हळू बोल. त्यांना सुचायचं."

बोर्डाच्या साहेबांचंही पत्र आलं होतं. अजून एक वस्तू हलवलीत, तर तुम्हालाच हलवू. बाबांचं ऐकावं तर नोकरी जाते, न ऐकावं तर पोरं जातात. बाईंना रात्री झोप येईना.

बाबा यायचे ते नेमके जेवणाच्या सुट्टीत. ते आले की पोरं आपापले डबे उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायची, चिडीचूप. वर्गातली मदतनीस आगानेथा त्यांच्याच मंडळीतली. ती तर खाली मान घालून बाहेरच पडायची.

"एवढे मोठे आहेत का गं हे?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"त्यांच्याबद्दल बोलायचं नसतं, बाई."

बाबा कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बसत. बाई सॉसेजची ताटली पुढे करत, ते हातातून घेत नसत. "तिथे ठेवा," म्हणत. परक्या बाईच्या हातून घेत नसतील, असं बाईंनी धरलं होतं. मग दोघं समोरासमोर बसून जेवत. बाबा फार सावकाश जेवत. बाई उठू लागल्या की म्हणत, "बसा हो. घाई काय?"

आज खाता खाता त्यांनी छताकडे बोट केलं. "ती विजेची घंटा. ती नको."

"बाबा, घंटेत काय पाप आहे?"

"काढा."

"काढते. पण मग तुम्हीही माझं एक ऐकायचं. दोन वाजता तुमचे थोरले पाद्री येणार आहेत, सकाळीच निरोप आला. तुम्ही थांबा आणि माझ्यासाठी दोन शब्द टाका."

बाबांचा काटा ताटलीतच थांबला. "मी निघतो."

"अजिबात नाही!" बाईंनी त्यांची टोपी उचलली आणि काखेत घट्ट धरली.

डग शिडीवर चढला. लाल वायर कापू की काळी, असं त्यानं विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं दोन्ही कापल्या. घंटा जी वाजायला लागली ती थांबेचना. आग लागली समजून पोरं बाहेर पळाली, बर्फात रांगा करून उभी राहिली. थंडी शून्याखाली बावीस अंश. डग झगा घातलेला सापळा खांद्यावर टाकून धावत आला. "हिला एकटीला आत कशी ठेवू?"

तेवढ्यात तीन व्हॅन फाटकाशी लागल्या. थोरले पाद्री आब्राम गीसब्रेख्त उतरले, मागोमाग चार वडीलधारे.

बाईंनी बाबांचा दंड धरला आणि त्यांना जवळपास ओढतच पुढे नेलं.

"पाद्रीसाहेब, यांनाच विचारा! यांनी सांगितलेलं सगळं केलंय मी. पियानो काढला, कॉम्प्युटर काढले, आता घंटाही..."

घंटा कोकलतच होती. चौघा वडीलधाऱ्यांनी पाठ फिरवली. पाद्रीही बाबांकडे बघेनात. त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावरच होती.

"बाबा, बोला ना काहीतरी!"

"माझी टोपी द्या, बाई," वॉलबाबा हळूच म्हणाले.

"पियानो?" पाद्रींनी भुवया उंचावल्या. "पियानोबद्दल आम्ही कधी बोललो? कॉम्प्युटर चालतील अशा तर आम्ही सह्या करून पोरं पाठवली होती. पण या माणसाला तीन वर्षांपूर्वी आम्ही वाळीत टाकलंय. आमच्यातलं कुणी त्याच्याबरोबर जेवत नाही, आणि तुम्ही दर गुरुवारी त्याला आमच्या पोरांच्या खोलीत जेवायला बसवता. पोरांनी काल तोंड उघडलं, तेव्हा कळलं." ते मागे वळले. "चला रे, बसा गाडीत. दप्तरं नंतर नेऊ."