शेवटचा स्टॉप

गेम बाजारात यायला अजून वर्ष होतं, पण ऑफिसात पेढे सुरूसुद्धा झाले होते! अंदाजाच्या मशीननं प्री-ऑर्डर सांगितल्या होत्या चाळीस लाख, आणि ते मशीन कधी म्हणजे कधीच चुकत नसे. शाल्मलीनं मात्र पेढा हातातच धरून आधी स्वतः बनवलेल्या शेवटच्या लेव्हलचा आकडा बघितला. तिथल्या एसटीत तिच्या वारलेल्या कंडक्टर बाबांचा खराखुरा आवाज होता, "उतरा मंडळी, शेवटचा स्टॉप!"

तिथवर पोचणार होता एकच खेळाडू.

"एक तरी आहे ना, सर! राहू द्या की!"

"अगं वेडे," बर्वे सर हळूच म्हणाले, "तो एक म्हणजे तूच."

गिऱ्हाईक पोचणार नाही ती लेव्हल काढायचीच, हा कंपनीचा नियम. तिनं ती पुसली आणि मशीनला पुन्हा विचारलं.

चाळीस लाखच. एकसुद्धा कमी नाही.