उजवं फूल
बेळगावच्या गोऱ्या पलटणीला अनवाणी हरवणाऱ्या उमाजीनं गुडघ्यापायी फुटबॉल सोडला, हे कुंभारवाड्याला पटेना. "गुडघा कसला, बायको अडवतीया! देवालाच इचारू," वाड्यातला लखू म्हणाला. लोकांनी उमाजीला देवळात नेलं. परशू गुरवानं मूर्तीवर दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर खेळायचं, डावं पडलं तर सोडायचं. उमाजीचा खेळ परशूलाही जिवापाड आवडायचा. सगळे फुलांकडं बघत राहिले. उजवं फूल गळलं. "देव बी आपल्यातलाच!" लोक नाचू लागले. "देवाची आज्ञा," म्हणत उमाजी वळला आणि पहिल्याच पायरीवर गुडघा मुडपला. खांबाला धरून तो कळवळला. परशू जन्मात पहिल्यांदा देवळात खोटं बोलला, "फूल म्याच सैल लावलं व्हतं. कौल खोटा हाय." "मग गुरवपण सोड!" गर्दी खवळली. परशूनं पूजेचं तबक कायमचं देवापुढं ठेवलं आणि उमाजीचा हात खांद्यावर घेतला.