चार चढांचा फेरा

गॅरेजमधल्या बाकावर आठ वस्तू होत्या: दोन हेल्मेट, पाण्याच्या दोन बाटल्या, हवा भरायचा पंप, एक जादा ट्यूब, पान्यांचा जुडगा आणि टॉवेलात गुंडाळलेलं, भिंतीवर टांगायचं, वातावरणातल्या हवेचा दाब मोजणारं जुनं यंत्र. मुलीने त्या दोनदा मोजल्या. नववी वस्तू तिच्या जाकिटाच्या खिशात होती. काडेपेटीहून लहान, मधोमध एकच बटण.

वडील तिच्या आधीच येऊन साखळीला तेल देत बसले होते. उठून त्यांनी आपल्या सायकलचं पुढचं चाक उचलून पाहिलं.

"जड झालीय."

"टायर नवे घेतलेत, बाबा. जाड आहेत."

"रबराचेच आहेत ना?"

सायकल आधी तेरा किलोची होती, आता साडेसोळा. मागच्या आठवड्यात ती सर्व्हिसिंगला गेली तेव्हा मुलीच्या सांगण्यावरून दुकानदाराने वडिलांच्या नकळत सीटखालच्या नळीत एक सडपातळ मोटर बसवली होती आणि खालच्या जाड नळीत बॅटरी. बाहेरून काही दिसत नव्हतं. चढावर खिशातलं बटण दाबलं की मोटर हळूच हातभार लावणार. मुलगी प्रयोगशाळेत काम करायची. हिशेब तिने आधीच केला होता. एकतीस किलोमीटर, चार चढ, वडिलांचं वजन. बॅटरी शंभर टक्के भरून निघायचं, परत येताना बासष्ट उरायला हवेत.

तेरा महिन्यांपूर्वी याच फेऱ्यावर वडील पडले आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण वडील खिडकीजवळच्या खुर्चीतून उठेनात. मग महिन्याभरापूर्वी त्यांनीच जाहीर केलं: एकदा पुरा फेरा मारायचा. एकाही चढावर उतरून ढकलावी लागली तर सायकल भाच्याला द्यायची आणि विषय बंद. ते बोलायचे तसंच करायचे. चाळीस वर्षं मोजमापाची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. 'जवळपास' हा शब्द त्यांना चालत नसे.

निघताना त्यांनी शर्टाच्या खिशात काहीतरी टाकलं.

"काय ते?"

"गोळ्या. लिंबाच्या."

पहिला चढ उंच, सरळसोट झाडांच्या जंगलातून जायचा. मुळं, शेवाळ, ओली पानं. ती मागे राहिली आणि बटण दाबलं. वडिलांची पाठ एका लयीत डुलत वर सरकू लागली. श्वासाचा आवाज मात्र तिला मागेपर्यंत ऐकू येत होता. मोटरचा जोर कमीवर ठेवलाय, तिने मनाशी म्हटलं, आणि दुकानदाराचे मनोमन आभार मानले.

दुसरा चढ वाटेतल्या पहिल्या इस्टेटीच्या भिंतीला धरून होता. वर दगडी बंगला, त्याला अकरा धुराडी. तिथे ते पाणी प्यायला थांबले.

"शास्त्रज्ञबाई, मागे राहायचं तर राहा. पण सारखी खिशात हात घालू नकोस. पडशील."

"बरं. एक गोळी द्या ना."

"संपल्या."

"सगळ्या?"

"एकच होती."

तिसऱ्या चढावर जंगल एकदम बाजूला झालं आणि खाली तळं दिसलं. ती बघत राहिली. बटणाची आठवण झाली तेव्हा वडील माथ्यावर पोचून तिची वाट बघत होते. अंगठ्याने सवयीने दाबलं असणार.

तेरा महिन्यांपूर्वी ते पुढच्या उतारावरच पडले होते. आज तो त्यांनी दोन्ही ब्रेक धरून, अगदी सावकाश पार केला. खाली दुसऱ्या इस्टेटीचं फाटक होतं. त्या दिवशी इथल्याच माळ्याने त्यांना उचलून काचघरात नेलं होतं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात धरून बसला होता. तिथे आडवं पडल्यापडल्या वडिलांना भिंतीवरच्या यंत्राचा काटा अडकलेला दिसला होता. नंतर मुलीने गाडीने येऊन ते यंत्र वडिलांकडे दुरुस्तीला नेलं होतं.

माळी फाटकातच उभा होता. "मागच्या वेळी आडवे आलात, दादा. या वेळी उभे."

"आडवं यायची हौस फिटली."

"एवढं ओझं पाठीवर आणलंत? पोस्टाने पाठवायचं."

"आभार पोस्टाने पाठवता येत नाहीत."

माळ्याने यंत्र भिंतीवर टांगलं, काचेवर टिचकी मारली. काटा हलला. तो कितीतरी वेळ पाहत राहिला. "काय झालं होतं याला?"

"आतली एक बारीकशी गोष्ट सुटली होती," वडील म्हणाले. "तेवढी नसली की बाकी सगळं नुसतं ओझं."

चौथा चढ सगळ्यांत लांब. अर्ध्यावर वडिलांचं पुढचं चाक डगमगलं. डावा पाय खाली येतोय असं तिला वाटलं. तिने बटण असं दाबलं की नख पांढरं पडलं. चाक सरळ झालं. एक पेडल, मग दुसरं. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी हँडलवर कपाळ टेकलं.

"झालं," ते म्हणाले.

"झालं, बाबा."

"तू मागे होतीस म्हणून झालं. नाहीतर त्या वळणावर उतरलो असतो."

सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"आधी पाणी दे," वडील म्हणाले. "आणि भाच्याला कळव, त्याने स्वतःची सायकल घ्यावी."

घरी आल्यावर ते कठड्याला न धरता जिना चढून अंघोळीला गेले. मुलीने गॅरेजमध्ये सामान बाकावर मांडलं. यंत्र तिकडेच राहिलं होतं, तेव्हा सात वस्तू हव्या होत्या. आठ भरल्या. वडिलांच्या घडी केलेल्या रुमालावर काचेचा एक छोटा फ्यूज होता, आतली तार शाबूत.

तिने वडिलांची सायकल आडवी केली आणि खालच्या नळीचं झाकण उघडलं. फ्यूजची खाच रिकामी होती. तिने बॅटरीवरचं बटण दाबलं. आकडा उमटला: १००.