म्हशींची लाट

दाराची एक फळी डोक्यावर घेऊन शिवयोगी हिप्परग्याच्या तळ्यावर पोचला, तेव्हा त्याच्यामागं बायको रत्नम्मा, साडू आणि अर्धी गल्ली होती. दुसरी फळी घर राखायला ठेवली होती.

साडू रुद्रप्पा लॉरीवर ड्रायव्हर. कारवारच्याही खाली कुठंतरी त्याला एक जटावाला गोरा भेटला होता. काखेत लांबलचक फळी घेऊन तो रस्ता नसलेल्या किनाऱ्यानं लाटा बघत हिंडायचा. पोरगी बघायला आल्यासारखा. ही बुटकी, ती वाकडी, ही फारच घाईची. शेवटी एका डोंगराआड, जिथं कोळीसुद्धा फिरकत नाहीत, तिथं त्याला एक पसंत पडली. मग त्यानं रुद्रप्पालाही फळीवर चढवलं, आणि रुद्रप्पा लाटेवर उभ्यानं वाळूपर्यंत आला.

आल्यापासून रुद्रप्पा हेच सांगत होता आणि रत्नम्मा तव्याकडं पाठ करून ऐकत होती. भाकऱ्या करपल्या, ते शिवयोगीनं सोसलं. पण ती सारखी "मग? मग वो दाजी?" म्हणत होती. इतक्या वर्षांच्या संसारात शिवयोगीच्या कुठल्याच गोष्टीला तिनं "मग?" म्हटलं नव्हतं. पहाटे उठून त्यानं दार उचकटलं.

"तळ्याला लाट कुटली, साडू?" रुद्रप्पा म्हणाला. "वारंबी न्हाय."

"सांगून ठिवलीया," शिवयोगी म्हणाला.

बांधावर कल्लप्पा गवळी म्हशी घेऊन उभा होता.

शिवयोगी लुंगी खोचून फळीवर पालथा पडला. कडी पोटात रुतत होती. म्हशी पाण्यात शिरतात त्या वऱ्हाडातल्या बायकांसारख्या, सावकाश, एकमेकींची वाट बघत. पळत शिरायची त्यांच्यात रीत नाही. कल्लप्पानं रॉकेलचा रिकामा डबा बडवला आणि रीत मोडली. सगळा कळप एकदम तळ्यात घुसला.

पाणी उठलं. रुद्रप्पाची लाट काठाकडं आली होती, ही काठापासून लांब निघाली. पण लाट होती. शिवयोगी आधी गुडघ्यावर आला, मग पायांवर. तो उभा होता. खरोखर उभा होता. गल्लीनं आरोळी ठोकली. कल्लप्पाच्या हातातला डबा थांबला. शिवयोगीनं हात पसरले आणि मान वळवून काठावर बायकोला शोधलं.

रत्नम्मा तळ्याकडं पाठ करून उभी होती.

"दाजी," ती रुद्रप्पाला विचारत होती, "समुद्राचं पानी लई खारट असतंय म्हनं, व्हय?"

"थेंब तोंडात धरवत न्हाय."

"अय्यय्यो!"

शिवयोगी पडला. फळी एकटीच पुढं गेली. तो वर आला तेव्हा छातीभर पाण्यात होता, चहूबाजूंनी म्हशी, आणि तोंड गच्च भरलेलं. त्यानं चूळ टाकली नाही. गिळली.

"अगं ए!" तो ओरडला. "हितलं गोड हाय! लई गोड हाय की!"

आता मात्र रत्नम्मानं वळून पाहिलं. तिचा विश्वास बसावा म्हणून त्यानं आणखी एक ओंजळ भरली आणि तिच्याकडं बघत घटाघटा प्यायला. शेजारची म्हैस शेपटी वर करून निवांत उभी होती.