एकोणीस दानशूर

“वर्ना टॉलिव्हर? पंचवीस हजार डॉलर! या ना, तुमची रांग वेगळी.” दारावरच्या मुलीने वर्नाच्या छातीवर सोनेरी फीत टाचली.

वर्ना गोंधळली. लाइल ब्रँडवोल्डच्या खडीच्या खाणीवर ती वीस वर्षं कामगारांचा स्वयंपाक करत होती. ही रक्कम म्हणजे तिचा जवळपास वर्षाचा पगार. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीच्या मेजवानीचं बोलावणं आलं, तेव्हा तिला वाटलं, कुठल्यातरी सोडतीत नाव निघालं असेल. म्हणून चर्चला घालायचा निळा झगा चढवून ती बर्फातून साठ मैल गाडी हाकत आली होती.

आत भला मोठा फलक होता. ‘आमचा सगळा कारभार उघड. या सोहळ्याचा खर्च यांनी केला.’ खाली नावं. तिचं होतं. ट्रकवाल्या ओटिसचं होतं, वेल्डिंग करणाऱ्या रॉयसचं होतं. खाणीवरची एकोणीस माणसं निघाली. लाइलचं नाव कुठेच नव्हतं.

लाइल स्वतः मात्र हजर होता. हातातला पेला सावरत तो लगबगीने आला.

“वर्ना, तू इथे कशी?”

“पत्र आलं ना घरी.”

“अगं बाई, ते फाडून टाकायचं असतं! बाकीच्यांनी नाही का फाडलं?”

“मला कुणी सांगितलंच नाही.”

“हळू बोल. परवाना मागणाऱ्याला स्वतःच्या नावाने देणगी देता येत नाही, म्हणून तुमची नावं. नदीकाठच्या जागेचा परवाना मिळाला की तुमचेच पगार वाढणार आहेत. आता मुकाट्याने घरी जा.”

वर्ना गव्हर्नरला भेटणाऱ्या देणगीदारांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

गव्हर्नरने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “तुमच्यासारख्यांच्या जिवावर तर हे सगळं! बोला, तुमच्यासाठी काय करू?”

“पैसे मी दिलेले नाहीत, साहेब. फलकावरचं माझं नाव काढा.”

गव्हर्नरने तिच्या खांद्यावरून लाइलकडे पाहिलं. मग तो मोठ्याने हसला. “लोक नाव लावा म्हणून मागे लागतात, आणि या बाई बघा!” हे तो तिच्या मागच्या माणसाला सांगत होता. तोवर कुणीतरी वर्नाला कोपराला धरून अलगद बाजूला नेलं होतं.

कोट परत घेताना तिने दारावरच्या मुलीकडून जाड काळं पेन मागून घेतलं. सोमवारी खाणीवरच्या स्वयंपाकघरात आपल्याला कुणी पाऊल ठेवू देणार नाही, हे तिला कळत होतं. तिने आपलं नाव खोडलं आणि शेजारी ठसठशीत लिहिलं : लाइल ब्रँडवोल्ड.

मग पेन ओटिसच्या नावावर नेलं. आणि थांबली. ते त्याचं त्याने खोडायचं.

दोघं-तिघं बातमीदार फलकाकडे वळले होते. वर्नाने पेन टोपण न लावताच फलकाच्या कडेवर ठेवलं आणि ती बाहेर बर्फात निघून गेली.