चोरलेला पान्हा

दिवाळी सरली, रंकाळ्यावरून गार वारं सुटलं, तशी दूधकट्ट्यावर समोर पिळून दिलेलं दूध प्यायला गर्दी वाढली. सर्जेरावांची बाजारातून नुकतीच आणलेली म्हैस मात्र पान्हा चोरत होती. त्यांचा संशय एकावरच होता. मफलरवाला पावणा रोज रस्त्यापलीकडं उभा राहायचा, म्हशीवरची नजर हलवायचा नाही, दूधही घ्यायचा नाही. यानंच दृष्ट लावली म्हणून म्हशीच्या गळ्यात काळा दोराही बांधून झाला. शेवटी त्यांनी हाक मारली, "पावणं, काय बघतासा रोज?" पावणा जवळ आला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "चंद्रे." म्हशीनं कान टवकारले आणि रेडकू सोडायच्या आधीच सडांतून दूध ठिबकू लागलं. "हिची दोन वेतं माज्याच दारात झाल्यात," तो म्हणाला. सर्जेरावांनी पहिला पेला त्यालाच दिला, पण दाव्याचा आणखी एक वेढा मुठीभोवती आवळला.